जिबुझाका घाटात मान टाकणारी गाडी

कुमागाई बाईंची गाडी घाटात पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. जुलै महिना होता, आमचं ईदा गावाचं खोरं तव्यासारखं तापलेलं, आणि गाडी पंचावन्न वर्षांची. अशा गाडीला उन्हाळ्यात चढावर दम लागणारच.

बाईंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली पडलो होतो.

"तेप्पेई, मी कोमाबा गावाच्या वर आहे. चढ सुरू होतो ना, तिथून चौथ्या वळणावर. हिने मान टाकलीय."

"बॉनेटमधून वाफ येतेय का, बाई?"

"वाफ नाही, वास नाही. आधी ओढेनाशी झाली, मग धापा टाकायला लागली, मग बसली. तुझ्यासारखीच. कवायतीला उभं केलं की तुझं पोट दुखायचं, आठवतं?"

बाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना गाणं शिकवलेलं, त्यात मीही होतो. आज त्या शहात्तर वर्षांच्या आणि मी पन्नाशीचा, तरी त्यांच्या तोंडी मी अजून चौथीतच आहे.

मी ट्रक घेऊन अर्ध्या तासात पोचलो. बाई दरीच्या कठड्यापाशी छत्री उघडून उभ्या होत्या. मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वर घाटमाथ्यापर्यंत नेऊन आणली, तर जराही कुरकूर नाही.

"बघ," बाई म्हणाल्या. "डॉक्टर आला की हिचं दुखणं पळालं."

ती फिकट हिरवी, दोन दारांची गाडी बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने दोघींच्या पहिल्यावहिल्या पगारातून मिळून घेतली होती. बहीण फुसाए आता घाटापलीकडे नेबा गावातल्या वृद्धाश्रमात असते. उजवी बाजू लुळी पडलीय. दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी बाई तिच्याकडे जातात, आणि जातात ते याच गाडीतून. माझ्या ट्रकमधून सोडतो म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा विचारलं नाही. हिवाळ्यात घाटात बर्फ असतं म्हणून गाडी मेपर्यंत झाकून ठेवलेली, आणि मे-जूनमध्ये आश्रमात तापाची साथ आल्यामुळे भेटी बंद होत्या. त्यामुळे वर्षातली ही पहिलीच लांबची फेरी होती. ती हुकली. आणलेले पीच बाईंनी आम्हालाच दिले.

गॅरेज माझ्या सासऱ्यांचं. शिओझावा गिइची म्हणजे एके काळी खोऱ्यातला शेवटचा शब्द. गाडीच्या दारावर टिचकी मारून ते इंजिनचं दुखणं सांगतात असं लोक म्हणायचे. मी त्यांचा जावई, तेवीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. सोडलं म्हणजे इतकंच, की रोज सकाळी येऊन ते दाराशी घडीच्या खुर्चीत बसतात, पंख्याचं तोंड स्वतःकडे वळवून घेतात आणि माझ्या चुका काढतात. गेल्या वर्षापासून मात्र ते विसरायला लागले. एकच गोष्ट तीनदा विचारायचे. वसंतात माझी बायको मिहो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते आम्ही घरात मोठ्याने उच्चारत नाही.

मी त्यांना बाईंच्या गाडीचं सांगितलं, तशी ते खुर्चीत ताठ बसले.

"चढाला? पाऊण तासाने? आणि थोडं थांबलं की परत ठणठणीत?"

"हो."

"हे मी केलंय."

"कधी?"

"केलंय रे. काय असतं ते मला ठाऊक आहे." त्यांनी हात पुढे केला, हवेतून एखादं हत्यार उचलावं तसा, आणि तो तसाच राहिला. "थांब. सांगतो."

मी थांबलो. पंखा फिरत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "कुमागाई बाईंची गाडी कशाला आलीय?"

मी माझ्या अकलेप्रमाणे सुरुवात केली. गाडी थंड असताना चालते आणि तापली की बसते, म्हणजे पहिला संशय कॉईलवर. आत तार तुटत आली असली की गरम झाल्यावर ठिणगी मरते. नवी कॉईल टाकली. प्लग बदलले. मग गावाबाहेर तासभर फिरवून आणली, मुद्दाम भर दुपारी. छान चालली. ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी बाई निघाल्या आणि पाचव्या वळणावर अडकल्या.

"प्रगती आहे," त्यांनी फोनवर सांगितलं. "एक वळण पुढे आले."

या वेळी मी धावत गेलो. थंड व्हायच्या आत बॉनेट उघडलं आणि पेट्रोल गाळायची काचेची वाटी पाहिली. जवळजवळ कोरडी! मला वाटलं, सापडलं. इंजिनच्या धगीने नळीतलं पेट्रोल उकळतंय, त्याची वाफ होतेय, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढतोय. जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं रडगाणं. मी नळीला चंदेरी पट्टी गुंडाळली, ती इंजिनपासून लांब सरकवली, पंपही नवा बसवला.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वेगळाच धडाका लावला होता. सोमवारी सकाळी आल्या आल्या म्हणायचे, "आठवलं! कॉईल!" मी सांगायचो, बदलली. मंगळवारी, "आठवलं! कंडेन्सर!" मी तोही बदलला. बुधवारी घरून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन आले आणि पेट्रोलच्या नळीवर ओळीने लावले. पूर्वी ड्रायव्हर लोक असं करायचे हे खरं आहे, लाकूड उष्णता शोषतं म्हणे. दर वेळी त्यांच्या डोळ्यांत तीच चमक असायची. माझी मात्र पंचाईत. यातलं कुठलं त्यांना खरोखर आठवतंय आणि कुठलं ते आत्ता, इथल्या इथे जुळवतायत? ओळखणार कसं? तेवीस वर्षं ज्या माणसाच्या बोटाकडे बघून मी नट फिरवला, त्याचं बोट आता रोज नव्या दिशेला होतं.

मिहो माझ्यावर चिडली. "तू विचारतोस कशाला त्यांना?"

"मी नाही विचारत. तेच सांगतात."

"मग ऐकू नकोस. नाही जमलं की दिवसभर कुढत बसतात. आज जेवताना मला विचारलं, त्या गाडीचं काय ते मी कुणाला सांगितलंय का? मी म्हटलं, काय सांगितलंय? तर म्हणाले, तेच तर आठवत नाहीये."

बाई चिमटे बघून इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "गिइचीसान, आता मोजेही वाळत घाला," म्हणाल्या. बाबाही हसले. पण बाई गेल्यावर ते गाडीभोवती हळूहळू फिरत राहिले. पुढून मागे, मागून पुढे. मध्येच थांबायचे, कुणी हाक मारल्यासारखे.

मी दर रविवारी गाडी बाहेर काढायचो. टाकीत जेमतेम चौथा हिस्सा पेट्रोल ठेवायचो, कारण पंपासाठी सारखी नळी सोडावी लागे, आणि तेवढ्यावरच घाट चढायचो. चार रविवार गेले आणि चारही वेळा गाडी माथ्यावर पोचली. एकदा तर ऊन इतकं होतं, की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता, तरी पोचली. माझ्या हातात साळसूद, बाईंच्या हातात आडमुठी. आता मला बाईंचाच संशय यायला लागला. चुकीच्या गिअरमध्ये चढवत असतील? ॲक्सिलरेटरवर पाय थरथरत असेल? वयच तसं आहे. हे तोंडावर आणायची हिंमत नव्हती, पण त्यांनी ते ओळखलं.

"तुला वाटतंय, म्हातारीला चालवता येत नाही."

"नाही, बाई."

"चौथीतही तुला खोटं बोलता यायचं नाही. येत्या बुधवारी तू शेजारी बस."

सप्टेंबरचा तिसरा बुधवार. ऊन टाळायचं म्हणून आम्ही सकाळी सातला निघायचं ठरवलं. बाबांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. मी आणि बाई गाडीपाशी पोचलो तेव्हा ते टोपी घालून तयार होते.

"मी येणार."

"बाबा, मागे जागा कुठे आहे? दोन दारांची गाडी आहे."

"मी मावतो."

आणि ते खरंच मावले. गुडघे छातीशी घेऊन, नाशपातींची पेटी मांडीवर धरून. मिहोने दारातूनच मला खुणावलं, लक्ष ठेव.

पाऊस पडत होता. मोठा नाही, पण सतत, आणि थंड. डोंगरांवर ढग उतरले होते आणि बाबांनी कोटाची कॉलर वर केली होती. मला जरा वाईटच वाटलं, कारण अशा हवेत गाडी तापणार नाही, तापली नाही तर बंद पडणार नाही, आणि बंद पडली नाही तर आजही काही कळणार नाही. बाईंनी नेहमीसारखी गावाच्या टोकाला टाकी काठोकाठ भरून घेतली. चालवत होत्या उत्तम. माझ्यापेक्षा हळुवार. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

कोमाबा मागे पडलं. चढ लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चौथ्या वळणावर बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने तो ऐकलाच नाही.

"आली," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता धापा टाकेल."

टाकल्या. दोन आचके दिले आणि बाईंनी गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन गप्प.

मी उतरून बॉनेट उघडलं. इंजिन कोमट म्हणावं इतकंच तापलेलं. नळीला हात लावला तर ती थंडगार, चिमट्यांवरून पावसाचं पाणी ठिबकतंय. उकळायचं सोडा, त्या नळीवर लोणी वितळलं नसतं. आणि काचेची वाटी कोरडी.

दोन महिन्यांत मी जे जे केलं होतं ते सगळं उष्णतेवर उभं होतं. तीच आता खालून निघून गेली. मी भिजत उभा राहिलो. डोकं पार बधिर झालं होतं. आता पुढे काय तपासायचं असतं, तेच आठवेना. बाबांना रोज असंच होत असेल का, हा विचार आला आणि मी घाबरलो.

"तेप्पेई," बाईंनी काच खाली करून हाक मारली. "गिइचीसान कुठायत?"

मागची सीट रिकामी होती. नाशपातींची पेटी सीटवर नीट ठेवलेली.

"बाबा! रस्त्यावर जाऊ नका!"

ते रस्त्यावर नव्हते. गाडीच्या मागे उभे होते, टोपीवरून पाणी गळत होतं, आणि हात टेकला होता टाकीच्या झाकणावर. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एखाद्या खोलीत जावं आणि कशाला आलो तेच विसरावं, तसे.

"मी इथं कशाला आलो?" त्यांनी मला विचारलं.

"आत बसा, बाबा. भिजताय."

"हो," ते म्हणाले. पण हात निघाला नाही. तो हात जणू त्यांचा नव्हताच. त्याने झाकण धरलं आणि फिरवलं.

आवाज आला. लांबलचक. पाण्याखालून वर आलेला माणूस श्वास ओढतो तसा, टाकीने घसाभर हवा आत ओढली. पुढे बसलेल्या बाईंनाही तो ऐकू गेला.

"काय होतं ते?" त्या ओरडल्या.

मी म्हटलं, "बाई, सुरू करा."

स्टार्टर थोडा वेळ फिरला, वाटी भरली, गाडी सुरू झाली.

मी झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी तिथे हवा आत यायला लागते. अशा जुन्या गाड्यांच्या झाकणाला त्यासाठी सुईएवढं भोक असतं. या झाकणाला नव्हतं. घट्ट रबर, कुठे फट नाही. गाडी पेट्रोल पीत जायची, टाकी आतून आवळत जायची, आणि पाऊण तासाने पंपाला ओढता येईनासं व्हायचं. अर्धा तास उभी राहिली की कुठून तरी थोडी थोडी हवा झिरपायची आणि गाडी बरी. उन्हाचा काही संबंध नव्हता. फक्त वेळेचा होता. टाकी काठोकाठ असली की आत हवा कमी, म्हणून लवकर आवळायची. माझी टाकी नेहमी पाऊण रिकामी, म्हणून मला कधी सापडली नाही. आणि झाकण? ते मी किती वेळा उघडलं असेल! पण दर वेळी गॅरेजमध्ये, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर.

"हे झाकण मूळचं नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडून सहज गेलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. तेव्हा मला कळलं की मी हे बोलायला नको होतं.

"मूळचं जूनमध्ये हरवलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पेट्रोल भरल्यावर छपरावरच राहिलं आणि पडलं कुठेतरी. मी गॅरेजवर आले होते. तू नव्हतास."

"मग हे कुणी बसवलं?" बाबांनी विचारलं.

"कुठून तरी बसवलं असेल, बाबा," मी घाईघाईने म्हटलं. "सापडलं ना आता. चला, बसा."

"तू गप्प बस. बाई, कुणी बसवलं?"

बाई गाडीतून उतरल्या. छत्री उघडून त्यांनी ती बाबांच्या डोक्यावर धरली.

"तुम्ही, गिइचीसान. कपाटातून शोधून दिलंत. अगदी बरोबर बसलं म्हणून खूश झालात. म्हणालात, उद्या या, याला एक भोक पाडायचं आहे. मी दुसऱ्या दिवशी आले. तुम्ही मला गार चहा दिलात, लोणचं दिलंत, माझ्या बहिणीची चौकशी केलीत. भोकाचं तुम्हीही विसरलात आणि मीही विसरले."

"बाई, मग मला का नाही बोललात?" मी विचारलं. "दोन महिने!"

"मला काय ठाऊक भोक कशाला ते! मला वाटलं, दोरी ओवायला. पुन्हा हरवू नये म्हणून."

मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा पाहिला. ते झाकणाकडे बघत होते.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

बाईंनी छत्री त्यांच्या बाजूला आणखी कलती केली.

"मला ठाऊक होतं रे," ते मला म्हणाले. "मी तुला म्हणत होतो ना? मला ठाऊक होतं."

"हो, बाबा. तुम्ही म्हणत होता."

झाकणाखाली फडक्याची चिंधी अडकवून फट ठेवली आणि आम्ही निघालो. पुढची सगळी वळणं गाडी मुकाट्याने चढली. बाबा काचेवरचं पाणी बघत बसले. माथ्यावर बाईंनी गाडी थांबवली आणि टपरीतून तिघांसाठी गोहेई-मोची आणली, म्हणजे अक्रोडाची खारट मिसो चटणी लावून काठीवर भाजलेली भाताची चपटी वडी. बाबांनी काठी चाटूनपुसून साफ केली. नेब्याला पोचलो तेव्हा फुसाए खिडकीशी होती. डाव्या हाताने तिने काचेवर इतक्या जोरात थापा मारल्या, की आश्रमातली बाई धावत आली. दोघी बहिणी एकमेकींना काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. बाबा बाहेर बाकावर बसून सगळ्यांसाठी नाशपाती सोलत होते, एकसंध साल काढत. ते त्यांना अजून कुणाहीपेक्षा छान जमतं.

परत येताना मला राहवेना. मी विचारलं, "बाबा, पूर्वी कुठल्या गाडीला असं झालं होतं?"

"टपालाच्या गाडीला," ते लगेच म्हणाले. "ड्रायव्हर होता हाराकावा. डाव्या कानाने बहिरा. तेनर्यू नदीच्या पुलावर बंद पडायची. झाकणाच्या भोकात गांधीलमाशीने माती भरली होती."

घरी आल्यावर मी मिहोला विचारलं. ती म्हणाली, हाराकावा नावाचा ड्रायव्हर तिने कधी ऐकला नाही. मग म्हणाली, पण ती जन्मायच्या आधीचं असू शकेल. दुसऱ्या दिवशी मी बाबांना टपालाच्या गाडीचं पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "कुठली टपालाची गाडी?"

त्यामुळे मला हे आजही उलगडलेलं नाही. त्यांना खरंच तीसचाळीस वर्षांपूर्वीची गाडी आठवत होती का? की जूनमधलं ते राहून गेलेलं भोकच त्यांना आतून टोचत होतं, नाव न सांगता? जे करायचं होतं त्याची आठवण गेली, आणि करायचं आहे एवढंच उरलं, असं असतं का? डॉक्टरांना विचारावं असं मनात येतं, पण ते गाड्यांचे डॉक्टर नाहीत.

भोक बाबांनीच पाडलं. सगळ्यात बारीक ड्रिल लावलं, झाकण शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळलं. मी शेजारी उभा होतो. हात जराही हलला नाही. मध्ये एकदा थांबून त्यांनी विचारलं, "हे कशासाठी पाडतोय आपण?" मी सांगितलं. "हां," ते म्हणाले, आणि पुढे पाडलं. मग हात पुसून म्हणाले, "तेप्पेई, यापुढे मी कुठल्याही गाडीला हात लावला, तर मागून तू बघायचं. मला न सांगता बघ." एवढं बोलून ते खुर्चीत जाऊन बसले आणि पंखा स्वतःकडे वळवून घेतला.

ऑक्टोबरपासून तिसऱ्या बुधवारी बाई आधी गॅरेजवर येतात. बाबांना पुढच्या सीटवर बसवतात आणि दोघं नेब्याला जातात. संध्याकाळी परत आले की मी विचारतो, गाडी कशी होती? बाबा कधी म्हणतात, लोण्यासारखी. कधी म्हणतात, चौथ्या वळणावर बंद पडली होती, मी चालू केली. त्यांच्या पाठीमागे बाई नकारार्थी मान हलवतात.

मी तरीही दर वेळी बॉनेट उघडून बघतो.